माझ्या परीक्षेची उपसमिती

"विषय क्रमांक सात. मॅनेजर परीक्षेत नापास झाल्याबाबत विचार करणे."

हे मीच वाचत होतो. मीटिंगचा अजेंडा मॅनेजरने वाचायचा असतो आणि मॅनेजर मीच होतो. विषय सहा होता गोडाऊनच्या गळक्या पत्र्यांचा, विषय आठ होता खताची पोती कुरतडणाऱ्या उंदरांचा. मधे मी.

टेबलावर माझी उत्तरपत्रिका फिरत होती. पुण्याच्या संस्थेने ती तपासून थेट आमच्या संघाकडे पाठवली होती. उमेदवार संघाने पाठवला, फी संघाने भरली, तेव्हा तपासलेला पेपरही संघालाच, असा त्यांचा नियम. पानभर तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या. संचालक त्या फुल्या बोटाने मोजत होते. एकाचं बोट चुकलं की तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

आता मागचं थोडं सांगतो. पन्नास सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. जुन्नरच्या एका सहकारी खरेदी-विक्री संघात मी हंगामी मॅनेजर होतो. हंगामी म्हणजे आज आहे, उद्याचं माहीत नाही. मी बी. ए. झालेलो. पुण्यात एका संस्थेने पदवीधरांसाठी बिझनेस मॅनेजमेंटचा एक वर्षाचा कोर्स सुरू केला होता आणि वरून आम्हाला सर्क्युलर आलं होतं. ज्याला मॅनेजर म्हणून कायम व्हायचंय त्याने हा कोर्स करावा. कोर्सला प्रवेश परीक्षा. परीक्षेला दोनच संधी. दोन्ही हुकल्या तर पुण्याहून नवा माणूस येणार आणि मी घरी जाणार. घरी म्हणजे शिनोलीला, वडिलांच्या पुढ्यात. वडिलांनी तर गावात सांगूनही टाकलं होतं की पोरगा साहेब झाला. बायको आणि दोन वर्षांची मुलगी जुन्नरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात होती. पहिली संधी मी घालवली होती.

नापास कसा झालो ते ऐकण्यासारखं आहे. पेपर काढणारे प्राध्यापक अमेरिकेला जाऊन आले होते. तिथून त्यांनी 'ऑब्जेक्टिव्ह टेस्ट' आणली होती. म्हणजे उत्तर लिहायचं नाही. प्रश्नाखाली अ, ब, क, ड अशी चार उत्तरं छापलेली असतात. बरोबर असेल त्यावर टिक करायची. शंभर प्रश्न, साठ मिनिटं. आज शाळेतली मुलंसुद्धा हे खेळल्यासारखं करतात. आम्ही तेव्हा हा प्रकार पाहिला नव्हता.

शिवाय मी संघात वाढलेला. संघात मॅनेजर काही ठरवत नाही. मॅनेजर सुचवतो, बोर्ड ठरवतं. टाचण्यांची डबी घ्यायची तरी ठराव लागतो. ठरावाला एक सूचक, म्हणजे मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. मग हात वर. मग प्रोसिडिंग बुकात नोंद. चार वर्षं मी असा वागलो होतो. आणि तिथे एका खोलीत एकट्याला बसवून सांगतात की चारातलं एक निवड, आत्ताच्या आत्ता, कुणाला न विचारता! माझा हातच चालेना. दोन उत्तरं बरी वाटली तर मी दोन्हींवर टिक केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'दोन्ही पर्याय विचारार्थ.' चौतीस प्रश्न झाले आणि घंटा वाजली.

"विचारार्थ!" चेअरमन खंडूअण्णांनी ते मोठ्याने वाचलं. "अवो, परीक्षा हाय का अजेंडा?"

खंडूअण्णा म्हणजे धिप्पाड माणूस, पांढरा पटका, आवाज बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. घोडेगावच्या एका संघाचा मॅनेजर याच परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला होता. घोडेगाव आंबेगाव तालुक्यात. जुन्नर आणि आंबेगाव शेजारी-शेजारी, त्यामुळे कशावरूनही ईर्ष्या.

"घोडेगाव पास आन् जुन्नर नापास," खंडूअण्णा म्हणाले. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाय राव तुमी."

तेवढ्यात मढचे धोंडिबा नाना, हे आमचे डोंगरपट्ट्यातले संचालक, एकदम ताठ बसले. "म्यानेजर कुठल्या गावचं?"

"शिनोलीचा," मी म्हणालो.

"शिनोली कोन्या तालुक्यात?"

शिनोली आंबेगाव तालुक्यात, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मंजी ह्ये मुद्दाम नापास झालं," धोंडिबा नाना म्हणाले. "आपल्या तालुक्याची इज्जत घालवाया."

यावर अर्धा तास चर्चा झाली. मी मुद्दाम नापास झालो की मुळातच ढ आहे, यावर मत घेतलं. चार विरुद्ध तीन मतांनी मी मुळातच ढ ठरलो. मी ते स्वतःच्या हाताने प्रोसिडिंग बुकात लिहिलं आणि खरं सांगतो, सुटकेचा श्वास सोडला.

मग खंडूअण्णांनी टेबलावर हात आपटला. "पुन्यांदा बसवायचं आन् पास करायचं. एकट्यावर सोडायचं नाय. उपसमिती नेमा."

उपसमिती म्हणजे बोर्डातल्या चार जणांना एखादं काम नेमून द्यायचं. आमच्याकडे गोडाऊनची उपसमिती होती, बियाण्यांची होती. आता माझी झाली. अध्यक्ष खंडूअण्णा. सदस्य धोंडिबा नाना, झुंबरशेठ आणि करीमभाई.

झुंबरशेठ कापडाचे व्यापारी. आजोबा मारवाडातून आलेले, पण स्वतः शेठ बोलायला पक्के जुन्नरकर. गोड बोलणं, कुणाला दुखवायचं नाही आणि मत द्यायचं ते खंडूअण्णांचा हात वर झालेला बघून. करीमभाई कागदी घराण्यातले. त्यांच्या वाडवडिलांचा हातकागद बनवायचा धंदा होता. गिरणीचा कागद आला आणि तो बसला. आता ते वह्या बांधायचं दुकान चालवत. बोलणं कमी. आमच्या बोर्डात 'सर्वानुमते' हा शब्द मला फारसा लिहिताच आला नाही, त्याला कारण करीमभाई. पटलं नाही तर शांतपणे म्हणायचे, "माझा विरोध लिहून घ्या." भांडण नाही, आवाज नाही. मी लिहायचो, 'करीमभाई यांचा विरोध नोंदवण्यात आला.' मग ठराव मंजूर व्हायचा आणि त्या ठरावाचं काम पडलं तर करीमभाई सगळ्यांच्या आधी हजर असायचे. हे मला कधी नीट कळलं नाही. विरोध केला होता ना, मग आता पत्रे कशाला धरून उभे आहात, असं मनात यायचं.

झुंबरशेठ माल आणायला पुण्याला गेले तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून असल्या प्रश्नांचं एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. मागे उत्तरं छापलेली. मी म्हणालो, "द्या, मी घरी अभ्यास करतो."

"एकट्यानं?" खंडूअण्णा म्हणाले. "मागं एकट्यानंच केला व्हता ना?"

मग दर बाजारच्या दिवशी दुपारी उपसमिती बसू लागली. मी इंग्रजी प्रश्न मराठीत करून वाचायचा. समितीने चर्चा करून उत्तर ठरवायचं. सूचक, अनुमोदक, मत, नोंद. आणि पहिल्याच बैठकीत एक ठराव झाला, त्याने पुढचं सगळं रामायण घडलं. ठराव असा: 'मॅनेजर यांनी परीक्षेत समितीने ठरवलेलीच उत्तरे द्यावीत.' करीमभाईंचा विरोध नोंदवण्यात आला.

पहिला प्रश्न भिंतीचा. आठ गवंडी एक भिंत बारा दिवसांत बांधतात, तर सोळा गवंडी किती दिवसांत बांधतील? अ, सहा. ब, चोवीस. क, बारा. ड, आठ.

"सोळा गवंडी एका भितीवर?" धोंडिबा नाना म्हणाले. "उभं कुठं ऱ्हातील?"

"नाना, हा नुसता हिशेब आहे," मी म्हणालो.

"हिशेबच सांगतुया. आट जन काम करतील, आट जन तंबाखू मळतील. मंजी बाराच दिस."

"लाख बोललात," झुंबरशेठ म्हणाले, कारण खंडूअण्णांची मान हलली होती. क मंजूर.

करीमभाईंनी प्रश्न माझ्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेतला. "चोवीस नाही, माणसं वाढली. बारा नाही, तितकी राहिली असती तर बारा. आठ नाही, दुप्पट माणसं म्हणजे निम्मे दिवस. राहिलं ते सहा. माझा विरोध लिहून घ्या."

मी हळूच पुस्तकाच्या मागे पाहिलं आणि म्हणालो, "अण्णा, पुस्तकातपण सहाच दिलंय."

खंडूअण्णांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं. "छापनाऱ्यानं कधी भित बांदलीय का? चुकलंय त्ये. त्याला कळवा."

आणि ठराव झाला हो! पुस्तकाच्या प्रकाशकाला संघाच्या लेटरहेडवर पत्र गेलं की आपल्या पुस्तकातील भिंतीच्या उत्तरात दुरुस्ती करावी. ड्राफ्ट माझा, सही खंडूअण्णांची. उत्तर काही आलं नाही. पुढे चार महिने 'पत्रव्यवहार' या विषयाखाली ते पत्र प्रलंबित म्हणून वाचलं जायचं.

पुढचा प्रश्न: कोळसा, लाकूड, रॉकेल, दिवा यांतला वेगळा शब्द ओळखा. खंडूअण्णा म्हणाले, रॉकेल, कारण त्याला परमिट लागतं. झुंबरशेठ कधी नव्हे ते त्या दिवशी धीट झाले आणि म्हणाले, कोळसा, कारण आपला संघ कोळसा विकत नाही. करीमभाई म्हणाले, तीन जळायच्या वस्तू, दिवा त्यांना जाळणारा, तर दिवा. धोंडिबा नाना झोपले होते, त्यांना तटस्थ धरलं. मतं समान पडली की अध्यक्षाला एक जादा मत असतं, त्याला कास्टिंग व्होट म्हणतात. खंडूअण्णांनी ते दिलं आणि रॉकेल पास झालं.

कामाचा वेग वाढावा म्हणून खंडूअण्णांनी युक्ती काढली. "एकवीस ते सव्वीस मागल्यापरमानं," ते म्हणायचे. म्हणजे मागच्या प्रश्नाचं उत्तर ब असेल तर पुढच्या सहांचंही ब. बोर्डात किरकोळ विषय आम्ही असेच निकाली काढायचो.

आणि मग प्रश्न त्रेचाळीस. तो मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. आपल्या वरिष्ठांचा निर्णय चुकीचा आहे असे मॅनेजरला ठामपणे वाटल्यास त्याने काय करावे? अ, निर्णय मुकाट्याने पाळावा. ब, आपले मत वरिष्ठांना स्पष्ट सांगावे व मग निर्णय पाळावा. क, काही न सांगता आपल्या मताप्रमाणे करावे. ड, राजीनामा द्यावा.

"अ," खंडूअण्णा म्हणाले. "ह्यात इचार काय करायचा?"

झुंबरशेठांनी अनुमोदन दिलं. धोंडिबा नानांनी झोपेतच हात वर केला.

"ब," करीमभाई म्हणाले. "विरोध लिहून घ्या."

मी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तेव्हा त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

घरी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. पुस्तकातले साठ प्रश्न समितीने ठरवले. मी ते मागच्या उत्तरांशी ताडून पाहिले. समितीचे बरोबर सोळा. करीमभाईंचे बरोबर सत्तावन्न. मी बायकोला, सुमनला, ते दाखवलं.

"मग करीमभाईंचं ऐका," ती म्हणाली.

"ठराव आहे गं, समितीचीच उत्तरं द्यायची."

"आणि नापास झालात तर समिती येणार का शिनोलीला आपल्याबरोबर?"

"पण पेपर तपासून संघात येतो. त्यांना सगळं दिसणार. ठराव मोडला म्हणून काढतील."

"म्हणजे ऐकलंत तर पुणं काढणार आणि नाही ऐकलंत तर जुन्नर काढणार," सुमन म्हणाली. "अहो, कधी तरी स्वतःचं स्वतः ठरवा. भाजी आणायला गेलात तरी दोन अनुमोदक शोधत फिरता तुम्ही."

मला राग आला, कारण आदल्याच दिवशी मी दुधी घेऊ का दोडका हे कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं होतं.

मी करीमभाईंच्या दुकानात गेलो. ते कागदाचे ताव निवडत बसले होते. एकेक ताव उजेडाकडे धरायचा, डाग किंवा गाठ दिसली की बाजूला टाकायचा.

"करीमभाई, तुम्हाला बरोबर उत्तर ओळखू कसं येतं?"

"ओळखू येत नाही," ते म्हणाले. "चांगला कागद कुणालाच ओळखू येत नाही, मॅनेजर. खराब ओळखू येतो. तो बाजूला टाकायचा. राहील तो चांगला."

"पण प्रश्न पुरता ऐकून घेता तुम्ही. बाकीचे आधीच बोलतात."

"ताव पुरता उलगडल्याशिवाय डाग दिसतो का?"

एवढंच. त्या दिवसापासून मी घरी घड्याळ लावून तसाच सराव करू लागलो. हे नाही, हे नाही, हे नाही, राहिलं ते. तीन आठवड्यांत माझा वेग मिनिटाला दोन प्रश्नांवर आला. समितीला यातलं काही सांगितलं नाही. समितीच्या बैठका चालूच होत्या आणि मी मान खाली घालून क, रॉकेल, मागल्यापरमानं लिहून घेत होतो.

परीक्षेच्या दिवशी पुण्याच्या एस. टी. त माझ्याबरोबर झुंबरशेठ होते. त्यांना दुकानाचं काम होतं आणि खंडूअण्णांनी त्यांना माझ्यावर लक्ष ठेवायलाही सांगितलं होतं. स्टँडवर त्यांनी माझ्या हातात घडी घातलेले कागद ठेवले. साठही उत्तरांची खरी नक्कल. प्रत्येक पानावर संघाचा शिक्का.

"जवळ असू द्या," ते म्हणाले. "धीर येतो."

हॉलच्या दारात सुपरव्हायझर खिसे तपासत होते. त्यांना कागद सापडले. गेली दुसरी संधी, तीही कॉपीच्या आरोपाखाली!

"हे काय आहे?"

"ठराव आहेत, सर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाचायला सुरुवात केली. 'सोळा गवंडी यांस बारा दिवस लागतील. सूचक श्री. धोंडिबा, अनुमोदक श्री. झुंबरशेठ.' दुसरं पान. 'वेगळा शब्द रॉकेल, अध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर.' त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"हे तुमच्या एखाद्या शत्रूने लिहून दिलंय का?"

"नाही सर. संचालक मंडळाने."

"मग परीक्षा सुटल्यावर घेऊन जा," असं म्हणून त्यांनी कागद टेबलावर पेपरवेटखाली ठेवले. "कॉपीचा गुन्हा लागायला कॉपीने फायदा व्हावा लागतो."

पेपर हातात आला आणि मी थंडच पडलो. पहिलाच प्रश्न: आठ गवंडी एक भिंत बारा दिवसांत बांधतात. पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांनीही तेच पुस्तक वापरलं होतं! शंभरातले चाळीस-बेचाळीस प्रश्न जसेच्या तसे, नंबरसुद्धा तेच. म्हणजे ठरावातून पळवाटच उरली नाही. नवे प्रश्न आले असते तर सांगता आलं असतं की समितीने यावर काही ठरवलं नव्हतं. इथे त्या प्रत्येक प्रश्नाला सूचक आणि अनुमोदक होता.

पेन्सिल क वर नेली. डोळ्यांपुढे आठ गवंडी तंबाखू मळताना दिसले. मग मला माझी मुलगी दिसली आणि शिनोलीला ओट्यावर बसलेले वडील दिसले. मी भयंकर घाबरलो होतो. पण पेन्सिल अ वर गेली. एकदा गेली ती गेलीच. रॉकेल सोडलं, दिवा धरला. एकवीस ते सव्वीस प्रत्येकाचं वेगळं केलं. त्रेचाळिसाव्या प्रश्नाला ब वर झटकन टिक केली आणि क्षणभरही न थांबता पुढे गेलो. शंभर प्रश्न झाले तेव्हा सात मिनिटं शिल्लक होती. ती मी पाणी पिण्यात घालवली.

बाहेर झुंबरशेठ उभे होते. "समितीचे प्रश्न आले का?"

"आले की. पुष्कळ."

"वा, वा! मग काळजीच नाही," ते म्हणाले आणि मला जिलबी खाऊ घातली.

महिन्याने पाकीट आलं. ते फोडायचं बोर्डातच, असा खंडूअण्णांचा हुकूम. विषय क्रमांक तीन. शंभरातले एक्क्याण्णव मार्क! घोडेगाववाल्याला चौऱ्याहत्तर मिळाले होते. खंडूअण्णांनी पटका उडवला. पेढे आले. विषय चार, मॅनेजर यांचे अभिनंदन. विषय पाच, उपसमितीचे अभिनंदन. हे मला लिहायला सांगितलं तेव्हा सूचक खंडूअण्णा आणि अनुमोदक झुंबरशेठ, म्हणजे ज्यांचं अभिनंदन तेच. शिनोलीचा असूनही मी जुन्नरची इज्जत राखली, असं धोंडिबा नानांनी भाषणात सांगितलं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात नानांनी कौतुकाने उत्तरपत्रिका हातात घेतली. "माझी भित दाखवा की कुठंय."

झुंबरशेठांनी पहिला प्रश्न दाखवला. नानांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. "ह्ये तर सहा केलंय."

प्रोसिडिंग बुक उघडलं गेलं. एकीकडे ठराव, एकीकडे पेपर, असं एकेक उत्तर ताडून पाहिलं. पेढ्याचा घास तोंडात ठेवून सगळे बघत होते. सत्तावीस ठिकाणी मी ठराव मोडला होता.

"म्यानेजर," खंडूअण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला, "तुमी आमाला इच्यारलं बी नाय?"

"अण्णा, ती उत्तरं लिहिली असती तर मी नापास झालो असतो."

"त्ये हाय," खंडूअण्णा म्हणाले. "पन ठराव व्हता."

झुंबरशेठ म्हणाले, पास झाले ते चांगलंच झालं, पण ठराव मोडल्याबद्दल काही तरी करायला हवं, नाहीतर उद्या खताचाही मोडतील. नाना म्हणाले, मेमो द्या. मेमो म्हणजे लेखी ताकीद, ती कायमची सर्व्हिस बुकात जाते. खंडूअण्णांनी मत मागितलं. हात वर झाले. मी करीमभाईंकडे पाहिलं. आता ते म्हणणार, माझा विरोध लिहून घ्या. मी पेन टेकवूनच बसलो होतो.

करीमभाईंनी हात वर केला. मेमोच्या बाजूने.

मला इतकं वाईट वाटलं की मी मीटिंगची रीत विसरलो. "करीमभाई, तुम्ही? अहो, ती सगळी उत्तरं तुमचीच होती!"

"माझीच होती," ते म्हणाले. "बरोबरही होती. पण मी ती इथे बसून सांगितली होती. तुम्ही कुठे सांगितलीत? चार महिने समोर बसलात. एकदा तरी म्हणालात का, की अण्णा, हे मला पटत नाही?"

त्यांनी माझी उत्तरपत्रिका ओढून घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि बोट ठेवलं.

"प्रश्न त्रेचाळीस. तुम्ही टिक कशावर केली?"

"ब वर."

"मार्क मिळाला?"

"मिळाला."

"आणि वागलात कसे?"

प्रोसिडिंग बुक समोर उघडंच होतं. सगळ्यांनी वाकून क वाचला. काही न सांगता आपल्या मताप्रमाणे करावे.

"सर्वानुमते लिहा," करीमभाई म्हणाले.

तो शब्द मी चार वर्षांत एकदाही इतका नीट काढला नसेल. मग करीमभाईंनीच पेढ्याचा पुडा माझ्यापुढे सरकवला. "आता खा. पास झालात ते खोटं थोडंच आहे?"

मी कोर्स केला, परत आलो, कायम झालो. माझ्या सर्व्हिस बुकात एकाच तारखेच्या दोन नोंदी आहेत, एक अभिनंदनाची आणि तिच्याखाली मेमोची. निवृत्त होताना पुण्याच्या ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं, यात काही तरी चूक झालीय का? मी म्हणालो, नाही, दोन्ही बरोबर आहेत.

कोर्सहून आल्यावरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये चाळीस अवजड लोखंडी नांगर घ्यायचा विषय आला. कारण एकच, घोडेगावने तीस घेतले होते. मी उभा राहिलो. म्हणालो, "अण्णा, हे मला पटत नाही. मढच्या बाजूची भातखाचरं चिमुकली आहेत, त्यात हा नांगर वळायचासुद्धा नाही."

"म्यानेजरला इरोध लिवता येत नाय," खंडूअण्णा म्हणाले. "तुमाला मत न्हाई."

"मग मॅनेजरने सांगितलं, एवढंच लिहितो."

"लिवा की."

मी लिहिलं. ठराव मंजूर झाला, करीमभाईंचा विरोध नोंदवण्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी मी आणि करीमभाईंनी उभं राहून ते चाळीस नांगर गाडीतून उतरवून घेतले. ते अकरा वर्षं गोडाऊनमध्ये पडून होते. मेमो मात्र मला पुन्हा कधी मिळाला नाही.